बॅट कुणासाठी? : एका परीक्षणाचे परीक्षण

साहित्य आणि समीक्षा यांसाठी राखलेल्या या जागेत क्रिकेटच्या बॅटविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेत थोडेफार क्रिकेट खेळलेले आहे, दुसरीने ते केवळ पाहिलेले आहे. बॅटच्या गुणदोषांवर अधिकाराने बोलावे अशी आमची पात्रता नाही. तरीही हा विषय एका रविवारी सकाळी प्रतापनगरातील आमच्या घरी चालत आला आणि जाताना आमच्याच व्यवसायाविषयी एक अडचणीचा प्रश्न मागे ठेवून गेला. एखादी वस्तू 'उत्कृष्ट' आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, आणि कुणाला म्हणतो?

हकीकत थोडक्यात अशी. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला असलेला आमचा एक विद्यार्थी विद्यापीठाच्या संघात सलामीला खेळतो. एका क्लबकडून तो गुझदर लीगचे सामनेही खेळत असे. घरची परिस्थिती बेताची. तोवर त्याने आधी काश्मिरी विलोच्या आणि मग हलक्या प्रतीच्या इंग्लिश विलोच्या बॅटवर निभावून नेले होते. आता त्याच्या मनात एक बॅट भरली होती. किंमत बत्तीस हजार रुपये. काही पैसे शिष्यवृत्तीतून साठवलेले, काही मोठ्या भावाने देऊ केलेले. बॅटचे एक इंग्रजी परीक्षण त्याने आणले होते. "सर, मॅडम, हे नीट समजावून सांगा न. घेऊ का?" असे त्याने विचारले.

आम्ही ते परीक्षण त्याला वाचून दाखवले, त्याचा मराठीत अर्थ सांगितला आणि, आता कबूल करायला हवे, त्यातील भाषेवर थोडे लुब्धही झालो. कडा पूर्ण जाड, तरीही उचलायला पिसासारखी, मध्यभागी चेंडू लागताच स्फोटक उसळी, सरळ, सुबक, दाट रेषांचे पहिल्या प्रतीचे लाकूड, कसलेल्या फलंदाजासाठी घडवलेली, खेळायला तयार. 'कसलेल्या फलंदाजासाठी' या शब्दांशी तो थबकला. आम्ही म्हणालो, "तू काही नवशिका नाहीस. घे." त्याने घेतली. तिसऱ्या आठवड्यात नेटमध्ये एक यॉर्कर बॅटच्या टोकावर बसला आणि तळापासून वर वीतभर तडा गेला. दुकानदाराने बॅट उलटसुलट पाहिली आणि तडा वॉरंटीत बसत नाही असे सांगितले. आमच्याकडे येऊन तो एवढेच म्हणाला, "सर, बॅट गेली." तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

या प्रकरणात कुणी फसवणूक केली असे आम्हांला म्हणायचे नाही. नंतर आम्ही ते परीक्षण पुन्हा ओळीओळीने वाचले, बॅटविषयी थोडे समजून घेतले, दोन जाणत्या खेळाडूंशी बोललो. तेव्हा आमच्या ध्यानात आले, की त्या परीक्षणातील जवळजवळ प्रत्येक विधान खरे होते. कडा खरोखर जाड होत्या, बॅट खरोखर हलकी होती, चेंडू खरोखर उसळून जाई. आमची तक्रार या खरेपणाविषयीच आहे. खऱ्या विधानांनी भरलेले परीक्षणही खोटे ठरू शकते. ते कसे, हे समजून घ्यायचे तर लाकडापासून सुरुवात करावी लागेल.

क्रिकेटच्या उत्तम बॅटचे लाकूड इंग्लंडमधील, विशेषतः एसेक्स-सफोक भागातील, पांढऱ्या विलोच्या एका उपप्रकाराचे असते. पंधरा-वीस वर्षांचे झाड तोडतात, त्याच्या फाका करतात, त्या सुकवतात. यातील पुष्कळ फाका मेरठ आणि जालंधरला येतात आणि तिथल्या कारागिरांच्या हाताखाली त्यांची बॅट होते. विलो हे मुळात मऊ, तंतुमय लाकूड. चेंडूचा मार सोसण्यासाठी त्याला यंत्राच्या रुळाखाली दाबून घ्यावे लागते. इथे पहिला पेच उभा राहतो. जास्त दाबले तर पाते टणक आणि टिकाऊ होते, पण चेंडूला उसळी कमी मिळते. कमी दाबले तर उसळी वाढते आणि आयुष्य घटते. दोन्ही एकदम पूर्णांशाने मिळत नाहीत.

दुसरा पेच वजनाचा. जाड कडांची बॅट म्हणजे अधिक लाकूड, आणि अधिक लाकूड म्हणजे अधिक वजन, हे सरळ गणित आहे. मग 'कडा जाड, तरीही हलकी' हा चमत्कार घडतो कसा? एक तर मुळातच कमी घनतेची फाक निवडून, दुसरे म्हणजे लाकडातील ओलावा अधिक काढून. ओलावा हा लाकडाच्या वजनाचा एक भाग असतो, तसा त्याच्या चिवटपणाचाही. तो गेला की बॅट हलकी होते आणि ठिसूळही होते. याखेरीज कारागीर पाठीमागचे लाकूड कोरून कणा उंच आणि बाजू खोलगट ठेवतो, म्हणजे कडा तशाच राहून वजन उतरते. हे सारे कौशल्याचे काम आहे आणि त्याविषयी आम्हांला आदर आहे. पण यातले काहीही फुकट मिळत नाही. 'तरीही' या शब्दाखाली एक देवघेव झाकलेली आहे, आणि नेमकी ती त्या परीक्षणात सांगितलेली नव्हती.

तिसरी गोष्ट रेषांची. बॅटच्या तोंडावर दिसणाऱ्या उभ्या रेषा ही झाडाची वर्षवलये. रेषा दाट, म्हणजे झाड सावकाश वाढलेले. अशी बॅट लवकर खुलते आणि साधारणपणे लवकर संपते, असा खेळाडूंचा अनुभव. विरळ रेषांची बॅट खुलायला वेळ घेते, पण अधिक दिवस साथ देते. असे असताना बॅटची प्रत ठरते ती बहुतांशी दिसण्यावरून : रेषा सरळ आहेत का, डाग आहेत का, लाकडाचा रंग एकसारखा आहे का. तांबूस पट्टा असलेली, डाग पडलेली बॅट खालच्या प्रतीत जाते, मग ती खेळायला कितीही चांगली असो. म्हणजे 'पहिली प्रत' हे मुख्यतः रूपाविषयीचे विधान आहे. आपण मात्र ते गुणाविषयीचे समजून वाचतो आणि त्याचीच अधिक किंमत मोजतो.

आणखी एक मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. कारखान्यात साच्यातून निघणाऱ्या वस्तूचे परीक्षण करता येते, कारण तिचा एक नग दुसऱ्यासारखा असतो. बॅट तशी नसते. एकाच नावाच्या, एकाच स्टिकरच्या, एकाच किमतीच्या दोन बॅटी दोन वेगळ्या झाडांच्या असतात. एक बोलते, दुसरी मुकी राहते. त्यामुळे अमुक नावाच्या बॅटचे परीक्षण हे पुष्कळदा स्टिकरचेच परीक्षण असते. जाणते खेळाडू हे ओळखून असतात. ते दुकानात दहा बॅटी काढायला लावतात, प्रत्येक उचलून पाहतात, लाकडी मॅलेटने ठोकून पाहतात, चेंडूची उसळी आणि तिचा आवाज दोन्ही तपासतात. नामांकित फलंदाजांच्या बॅटीवर एका कंपनीचे स्टिकर आणि आत दुसऱ्याच कारागिराचे काम, ही गोष्टही क्रिकेटच्या जगात गुपित राहिलेली नाही. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर अनेक वर्षे एका टायर बनवणाऱ्या कंपनीचे नाव होते. त्याच्या धावा टायरमधून आल्या असे कुणी समजत नसे, पण दुकानात मुले तेच नाव मागत.

आता 'कसलेल्या फलंदाजासाठी' या शब्दांकडे येऊ. आमचा विद्यार्थी कसलेला आहे. तंत्राने त्याचा त्या बॅटवर पूर्ण अधिकार होता. तरीही ती बॅट त्याच्यासाठी नव्हती. ज्या खेळाडूला मनात धरून अशी बॅट घडते, त्याच्या किटमध्ये पाच-सहा बॅटी असतात. एक नेटसाठी, एक सामन्यासाठी, एक नुकतीच ठोकून तयार होत असलेली. एक तडकली तर दुसरी काढायची. त्याच्या लेखी बॅट ही संपणारी वस्तू आहे, आणि चार उत्तम डाव खेळून ती मोडली तर तिचे सार्थक झाले. ज्याच्याजवळ एकच बॅट आहे आणि तीत भावाचे पैसे आहेत, त्याच्यासाठी तोच गुण दोष होतो. नैपुण्य एकच असले तरी बॅटींची संख्या निराळी. परीक्षणाने नैपुण्याची अट सांगितली, संख्येची सांगितली नाही. आणि आम्ही, ज्यांना त्याच्या घरची परिस्थिती ठाऊक होती, त्यांनीही ती विचारात घेतली नाही.

जागेचाही प्रश्न होताच. नागपूरचा उन्हाळा आमच्या वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात, हवा कोरडीठाक. आधीच सुकवून हलके केलेले लाकूड अशा हवेत उरलासुरला ओलावाही सोडते. जूनअखेर तेच लाकूड पावसाळी दमट हवेत, ओल्या मैदानावर येते आणि टोकाकडून ओल शोषून फुगते. म्हणून बॅटला जवसाचे कच्चे तेल हलक्या हाताने लावायचे, काही तास मॅलेटने ठोकत तिचे तोंड आणि कडा बसवायच्या, टोक जपायचे, ही जुनी शिस्त. तेल जास्त झाले तर बॅट जड आणि बोदी होते, हेही त्या शिस्तीतच येते. 'खेळायला तयार' हे शब्द वाचून आमच्या विद्यार्थ्याने ही शिस्त दोन दिवसांत उरकली. गंमत अशी, की जवस हे आपल्या विदर्भाचे जुने पीक. जवसाची चटणी इथल्या घराघरांत असते. तेल इथले, ऊन इथले, मैदान इथले, परीक्षण मात्र भलत्याच हवेत लिहिलेले.

मैदानाचेही तसेच. चेंडू जिथे छातीपर्यंत उसळतो तिथे बॅटचा फुगीर, जिवंत भाग थोडा वर असावा लागतो. आपल्याकडील संथ, खाली राहणाऱ्या खेळपट्ट्यांवर तो खाली असलेला बरा. मॅटिंगवर पुन्हा हिशेब बदलतो. तेव्हा 'मध्यभाग उत्तम' म्हणणे अपुरे आहे. मध्यभाग कुठे आहे आणि तुम्ही कुठे खेळता, हे दोन्ही सांगितल्यावरच त्या विधानाला अर्थ येतो.

निराळ्या खेळातील एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. बर्फावरून घसरत जाण्याच्या स्कीची परीक्षणे युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर लिहिली जातात. आम्ही बर्फ पाहिला तो सहलीत आणि स्की पाहिल्या त्या चित्रात, तरी कुतूहलाने त्यातील काही वाचली. वळणे कापत जाण्यासाठीच्या महागड्या, रुंद स्कीविषयी लिहिताना चांगला परीक्षक पायाखालची रुंदी मिलिमीटरमध्ये देतो, वळणाची त्रिज्या मीटरमध्ये देतो, आणि पुढे सांगतो की ही रुंदी मऊ बर्फावर तरंगायला मदत करील, पण टणक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लावील. अनेकदा तो स्वतःची उंची, वजन आणि कौशल्याची पातळीही नोंदवतो, म्हणजे वाचकाने आपला फरक वजा करून घ्यावा. तिथेही जाहिरातीचा फुलोरा भरपूर आहे. पण रुंदीचा लाभ आणि रुंदीचा तोटा एकाच वाक्यात सांगण्याची ही रीत आम्हांला मोलाची वाटली. मराठीत बॅटविषयी असे लिहिलेले आमच्या वाचनात नाही. पुस्तकाविषयी तरी असे लिहिलेले किती आहे?

आपल्या परंपरेत याला एक शब्द आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात असा संकेत होता : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाविषयी आहे, कशासाठी आहे, या दोहोंचा ग्रंथाशी संबंध काय, आणि तो कुणासाठी आहे. 'अधिकारी' हा शब्द वापरताना आम्ही सावध आहोत. या शब्दाने आपल्याकडे शतकानुशतके माणसांना दाराबाहेर ठेवले, आणि ज्या नागपुरात १९५६ साली दीक्षाभूमीवर त्या व्यवस्थेला नकार दिला गेला, तिथे बसून तो भाबडेपणाने वापरता येणार नाही. पण शब्दाची दिशा उलटवता येते. वाचकाने आपली पात्रता सिद्ध करावी असे न म्हणता, आपण कुणाशी बोलतो आहोत हे परीक्षकाने आधी सांगावे, असे म्हणता येते. मग अधिकार ही वाचकावरची अट राहत नाही, परीक्षकावरची जबाबदारी होते. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार जागच्या जागी असेल तरच अलंकार, हे त्याचे सांगणे. त्याच काश्मिरातल्या विलोची बॅट आज सरसकट 'हलकी' म्हणून मोजली जाते, आणि गल्लीबोळांतल्या हजारो मुलांच्या हातात उचितपणे काम करते, हा योगायोग आम्हांला सूचक वाटतो.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येकासाठी वस्तू निराळी ठरत असेल, तर मग चांगले-वाईट असे काही उरतच नाही का? तसे नाही. दोष आणि किंमत यांत भेद करायला हवा. मूठ पात्यात नीट बसलेली नसणे, लाकूड आतून किडके असणे, चीर भरून वर रंग देणे हे दोष आहेत, आणि ते सर्वांसाठीच दोष आहेत. हलकेपणासाठी टिकाऊपणा देणे ही किंमत आहे. ती कुणाला परवडेल, कुणाला नाही. दोष दाखवणे परीक्षकाचे काम आहेच, पण किंमत सांगणे हे त्याहून अवघड आणि अधिक उपयोगाचे काम आहे. दोष वापरणाऱ्याला आज ना उद्या दिसतात. किंमत मात्र गुणाच्या पोटात दडलेली असते.

शिवाय गुणाची किंमत दर वेळी वापरणाराच भरतो असेही नाही. बॅटच्या मापांचा इतिहास हेच सांगतो. १७७१ साली चर्टसीच्या थॉमस व्हाइटने हॅम्बल्डनविरुद्ध यष्ट्यांच्या रुंदीइतकी बॅट आणली. फलंदाजाच्या दृष्टीने तीहून गुणी बॅट नाही, पण गोलंदाजाने काय करायचे? त्यातून सव्वाचार इंच रुंदीची मर्यादा आली आणि ती आजही कायम आहे. १९७९ साली पर्थला डेनिस लिलीने ॲल्युमिनियमची बॅट आणली, आणि पुढे पाते लाकडाचेच हवे असा नियम झाला. जाडीला मात्र दीर्घकाळ मर्यादा नव्हती. ऑक्टोबर २०१७ पासून कडा ४० मिलिमीटर आणि एकूण जाडी ६७ मिलिमीटर अशी सीमा आखली गेली, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये पंच मैदानावरच मापकातून बॅट सरकवून पाहताना दिसले. चुकलेला फटकाही सीमेपार नेणारी बॅट गोलंदाजाकडून काहीतरी घेते. आमच्याशी बोललेल्या एका जुन्या खेळाडूच्या मते ती फलंदाजाकडूनही काहीतरी घेते. चेंडू मध्यावर लागला की कडेला, हे पूर्वी हाताला कळे आणि हात त्यातून शिकत असे. सारेच क्षमा करणाऱ्या बॅटवर हाताला ते कळेनासे होते. कसलेल्या खेळाडूने तरी हे ध्यानात घ्यावे, असे त्यांचे म्हणणे.

आता आमच्याकडे वळतो. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघांनी मिळून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि नियतकालिकांत बऱ्याच पुस्तकांची परीक्षणे लिहिली. बॅटच्या घटनेनंतर ती काढून वाचली. 'आशयघन', 'सकस', 'अनुभवसमृद्ध', 'वेगळ्या वाटेची', 'मराठी साहित्यात मोलाची भर घालणारी'. हे शब्द म्हणजे आमची 'पहिली प्रत'. रेषा सरळ आहेत, डाग नाहीत, एवढेच त्यांतून कळते. त्या पुस्तकाने जे साधले त्यासाठी काय सोडले, हे आम्ही क्वचितच लिहिले. कुणासाठी, हे तर नाहीच. काही पुस्तके मित्रांची होती, हेही सांगून टाकतो.

किंमत सांगणे म्हणजे निंदा नव्हे, हे स्पष्ट होण्यासाठी मान्यताप्राप्त उदाहरणेच घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. तिचा संयम, तिची काटकसर आपण वर्गात नेहमी वाखाणतो. त्या काटकसरीसाठी तिने पात्रांच्या अंतर्मनाचा पुष्कळसा प्रदेश सोडून दिला आहे. ती हलकी बॅट आहे आणि ते हलकेपण कमावलेले आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. पांडुरंग सांगवीकरच्या आवाजाने ती मराठी गद्याला जे देते ते मोठेच आहे. पण तो आवाज सर्वत्र असल्यामुळे इतर माणसे त्याच्या नजरेतूनच उरतात. जी. ए. कुलकर्णींच्या प्रतिमांची दाटी वाचकाला एका निराळ्या जगात नेते आणि त्याच वेळी साध्या रोजच्या श्वासाला जागा ठेवत नाही. असे म्हटल्याने ही पुस्तके लहान होत नाहीत. उलट लेखकाने काय निवडले आणि काय नाकारले हे दिसते, आणि निवड दिसली की कर्तृत्व दिसते. 'श्रेष्ठ कलाकृती' एवढेच म्हटल्याने ते दिसत नाही.

कलाकृती म्हणजे वापराची वस्तू नव्हे, मग बॅटचा न्याय तिला का लावता, असेही कुणी विचारील. मर्ढेकर वाचलेल्या विद्यार्थ्याने हे विचारायलाच हवे. आमचे उत्तर एवढेच, की कलाकृतीला उपयोगाची कसोटी लावा असे आम्ही म्हणतच नाही. कसोटी लावायची ती परीक्षणाला. कलाकृती स्वायत्त असेल. परीक्षण स्वायत्त नसते. ते कुणीतरी वाचून पुस्तक विकत घेतो, ग्रंथपाल वर्षाची तुटपुंजी रक्कम त्यावर विसंबून खर्च करतो, विद्यार्थी त्यातली विशेषणे उचलून उत्तरपत्रिकेत लिहितो आणि आम्ही त्यांना गुण देतो. गुण देणारे आणि विशेषणे पुरवणारे आम्हीच, तेव्हा या नाण्याच्या खरेपणाची जबाबदारीही आमचीच.

नागपुरात हे आज विशेष बोचते, त्याला कारण आहे. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुढच्याच हंगामात तो राखला, आणि २०२४-२५ मध्ये जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला. आमच्या भागातल्या मैदानांवर पहाटे मुलांना सोडायला येणारे आईवडील आता वाढलेले दिसतात. त्यांच्या खांद्यावर मुलाचे किट असते आणि मनात एक हिशेब असतो. त्यांना बॅटविषयी जे सांगितले जाते ते पहिल्या प्रतीचे असते. ज्यांच्याकडे शब्दांचे शिक्षण आहे त्यांनी निदान हे शब्द सोलून दाखवायला हवेत. आम्हांला ती संधी मिळाली होती, आणि आम्ही शब्दांवरच भाळलो.

या सत्रात आम्ही एम. ए.च्या वर्गाला एक स्वाध्याय दिला : स्वतः वापरलेल्या एका वस्तूचे परीक्षण लिहा. 'उत्तम', 'दर्जेदार', 'अप्रतिम' हे शब्द वर्ज्य. प्रत्येक गुणाबरोबर त्याची किंमत सांगा आणि वस्तू कुणासाठी आहे ते सांगा. कुणी सायकलवर लिहिले, कुणी शिलाई मशीनवर, एकीने आजीच्या पाट्या-वरवंट्यावर. आमच्या त्या विद्यार्थ्याने मोडलेल्या बॅटवर लिहिले. वजन, कडा, रेषा, मध्यभाग कुठे होता, ती कशी बोलत असे, किती दिवस टिकली, हे सारे पानभरात, विशेषणाविना. शेवटचे वाक्य असे : ज्याच्याकडे दुसरी बॅट आहे त्याने ही जरूर घ्यावी.

त्या परीक्षणात बॅटवर राग नव्हता, तिची थोरवीही नाकारलेली नव्हती, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हवे ते सर्व होते. सध्या तो तिसऱ्या प्रतीच्या, तांबूस पट्ट्याच्या, विरळ रेषांच्या बॅटने खेळतो. जवसाचे तेल त्याने गावाकडच्या घाण्यावरून आणले आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी ठोकून ती बसवली. बरी बोलते, म्हणतो. आमच्या सहाध्यापकांनी हा स्वाध्याय आपापल्या वर्गात करून पाहावा, अशी विनंती आहे. आमच्यापुरते एवढेच ठरवले आहे, की यापुढे कुणालाही 'घे' किंवा 'वाच' म्हणण्याआधी त्याच्याकडे दुसरी बॅट आहे का, हे विचारायचे.